गाडीला घरचं पाणी

निरोप आत्याने आणला. आमच्या घरचे निरोप हल्ली तीच आणते, कारण माझा थोरला भाऊ आणि मी एकमेकांशी बोलत नाही आणि ती दोघांकडे जेवते. ओट्यावर बसून, पदराने वारा घेत ती म्हणाली, "दादूस बोल्लाय, गारीला पंधरा वर्सा झाली, पुन्ना पास करावी लागंल. कागद त्याच्या नावावर, म्हनजे त्यालाच उभा रावा लागंल. तू गारी चालवत कलव्याला आन, मंग दोघं आरटीओला जावा. दोरी बांधून आनलीस तर तथनंच भंगारात."

"मी कसा हाय, ता इचारलान?"

"नाय."

आत्या खोटं बोलत नाही, हा तिचा मोठा दोष आहे. ती गेल्यावर मी अंगणात गाडीपाशी जाऊन उभा राहिलो. पिवळी, बुटकी, दोन दारांची, दोनच सीटची. कंपनीचं नाव सांगत नाही. पुढे जे झालं त्यात कंपनीचा काडीचा दोष नाही. ताडपत्री काढली तर खाली मांजरीने संसार थाटलेला. दादूस बायकापोरांसकट कळव्याच्या टॉवरमध्ये राहायला गेला, तेव्हापासून ही इथे आणि मी इथे, दोघंही जागचे हललो नव्हतो. आता ही भंगारात गेली तर त्याला माझ्याकडे यायला आणि मला त्याच्याकडे जायला काही कारणच उरणार नव्हतं. आमच्या दोघांत सामाईक म्हणून एवढीच वस्तू शिल्लक होती.

गाव आमचं खाडीकाठचं, डोंबिवलीच्या मागच्या अंगाला. पिढ्यान्‌पिढ्या मिठागरावर राबलेली माणसं आम्ही. मिठागरं गेली, तिथे इमारती आल्या, आणि गावात घरोघरी काही ना काही उगवलं. कुणी शर्यतीचे बैल घेतले, कुणी बंगल्यावर सिमेंटचा गरुड बसवला. दादूसला लहानपणापासून वेगाचं वेड. त्याने एका हौशी माणसाकडून, फारशी न वापरलेली ही गाडी आणली. गावच्या रस्त्यावर ती म्हशींच्या मागून चालायची, ही गोष्ट वेगळी.

आमच्या घरात एक रीत होती. घरात नवीन कोणीही येवो, सून असो, वासरू असो की लांबचा पाहुणा, त्याच्या तोंडाला आधी आमच्या विहिरीचं पाणी लागलं पाहिजे. ही विहीर माझ्या पणजोबांच्या वडिलांनी खणली, आगगाडी नवी नवी होती त्या काळात. खाडीच्या इतक्या जवळ गोडं पाणी लागलं म्हणून गावाने त्यांच्या हातात नारळ दिला, असं आम्ही ऐकत आलो. खरं-खोटं त्या नारळाला माहीत. पण बापूस ही गोष्ट सांगायला लागला की त्याची छाती फुगायची.

गाडी दारात आली त्या दिवशी आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग बापूस पुढे झाला आणि गंभीरपणे म्हणाला, "ही पानी कुठनं पिते?"

दादूसने बॉनेट उघडून रेडिएटरचं झाकण काढून दाखवलं. आत हिरवंगार पाणी. बापसाचं तोंड वाकडं झालं. "यो काय इख भरलाय? काढून टाक." दादूस सांगत होता, ते कूलंट असतं, इंजिन थंड राहायला लागतं, असू दे. पण बापसापुढे आमच्या घरात कुणाचं चाललं होतं? हिरवं पाणी अंगणाच्या मातीत गेलं. बापसाने तांब्याने विहिरीचं पाणी ओतलं, झाकण लावून वर हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाला, "आता झाली घरची." आम्ही सगळे हसलो. त्यानंतर त्या गाडीत दुसरं पाणी कधी गेलं नाही.

पुढे गाडी तापायला लागली. आधी क्वचित, मग दर उन्हाळ्यात, मग थंडीतही. रविवार आला की दादूस आणि मी बॉनेट उघडून बसायचो. एका मेकॅनिकने सांगितलं, आतला थर्मोस्टॅट फेकून द्या, आपल्या हवेत लागत नाही. दुसऱ्याने सांगितलं, रेडिएटरमध्ये हळद टाका, गळती बुजते. आम्ही थर्मोस्टॅट ठेवला आणि हळद आईने दिली नाही. पाणी बदलायचो, पाइप बदलायचो, क्लिपा आवळायचो. पाणी बदललं की आत अडकलेली हवा काढावी लागते. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करायचं, थोडं थोडं रेस करायचं, आणि बुडबुडे थांबेपर्यंत वरून पाणी भरत राहायचं. हे काम दोघांचं. एकाने आत बसून ॲक्सिलरेटर दाबायचा आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवायची, दुसऱ्याने पुढे बुडबुडे बघायचे. मध्ये बॉनेट उभं, त्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नाही. दादूस पुढून ओरडायचा, "दे!" मी द्यायचो. "सोड!" मी सोडायचो. "काटा?" "मधी हाय!" सबंध सकाळ आम्ही एवढंच बोलायचो. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली बोलणी तीच, असं आता वाटतं.

भांडण विहिरीवरून झालं. वहिनी पनवेलच्या बाजूची. लग्न होऊन आली त्या दिवशी रीतीप्रमाणे तिला पाणी दिलं, तर एक घोट घेऊन तिने दादूसकडे बघितलं. ते बघणं मी लक्षात ठेवलं होतं. मुलं झाल्यावर तिने बाहेरून पाण्याचे कॅन मागवायला सुरुवात केली. विहीर असलेल्या घरात विकतचं पाणी! आईबापूस होते तोवर सगळं झाकून राहिलं. ते गेल्यावर उरलेल्या जागेची वाटणी निघाली तेव्हा दादूस म्हणाला, "विहीर बुजवू, टॉवर होऊ दे. पानी खारा हाय. पोरांची पोटा बिघरतात."

"बापसाची विहीर खारी?" मी म्हणालो. "बायको गोड लागली म्हनून पानी खारा लागतंय तुना."

हे मी बोलायला नको होतं, असं आत्याचं मत आहे. माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. विहिरीची बाजू मी माझ्या वाट्याला मागून घेतली, बाकीची त्याने घेतली. जायच्या दिवशी तो गाडी घेऊन निघाला, तर वेशीवरच्या देवळापर्यंत जाऊन तिने वाफ सोडली. चार पोरांनी ढकलत तिला परत अंगणात आणली. दादूस खाली उतरला, किल्ली ओट्यावर ठेवली आणि मेव्हण्याच्या जीपमध्ये बसून गेला. मी आतल्या खोलीत होतो. खिडकीतून बघत होतो, पण बाहेर आलो नाही.

त्यानंतर घर माझं एकट्याचं झालं. मी लग्न केलं नाही. का, ते विचारणारी माणसं आता राहिली नाहीत, तेव्हा सांगत बसत नाही. एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो, तिथून निवृत्त झालो. सकाळी विहिरीवर पाणी काढायचं, अंघोळ, पेपर, भात, झोप. गावात माणसं पुष्कळ. पण जमिनी विकल्यानंतर सगळ्यांची दारं लोखंडी झाली आणि ओट्यावर कोणी बसेनासं झालं. कधी कधी मी दिवसभर कुणाशी बोललोच नाही हे मला संध्याकाळी दूधवाल्याला हाक मारताना कळायचं, आवाज घोगरा यायचा म्हणून. मला एकटं वाटतं. हे लिहिताना लाज वाटत नाही. तोंडाने बोललो असतो तर वाटली असती.

तर, आत्याचा निरोप आला आणि मी गाडी दुरुस्त करायला घेतली. आधी गावातल्या गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने बॉनेट उघडलं, बंद केलं आणि चहा मागितला. "काका, याचं सामान मिळत नाय. शोपीस म्हणून ठेवा, फोटोला मस्त आहे." चहा दिला आणि त्याला वाटेला लावला. कारखान्यात जन्मभर पंप, व्हॉल्व्ह, गॅस्केट असल्या वस्तू फळीवरून काढून दिल्या होत्या. आतून त्या कशा असतात ते कधी बघितलं नव्हतं. म्हटलं, आता बघू.

नवी बॅटरी, नवं ऑइल, नवं पेट्रोल. दोन-तीन आचके देऊन इंजिन सुरू झालं आणि मांजर पिलं घेऊन रागारागाने निघून गेली. काटा चढायला लागला. खालच्या पाइपाला भेगा दिसत होत्या, तो बदलला. क्लिपा नव्या घातल्या. विहिरीचं पाणी भरलं आणि देवळापर्यंत फेरी मारली. परतताना काटा लाल खुणेवर, आणि बॉनेटच्या फटीतून वाफ. देवळाच्या ओट्यावरचे दोघं म्हातारे हसले. त्यांना तेवढीच करमणूक.

म्हटलं थर्मोस्टॅट असेल. हा छोटा झडपेसारखा भाग असतो. पाणी गरम झालं की उघडतो, मग ते रेडिएटरकडे जातं. तो काढला, आईच्या टोपात पाणी घेऊन गॅसवर ठेवलं आणि दोऱ्याला बांधून आत सोडला. आंधण उकळायला लागलं तशी झडप हळूहळू उघडली. मी स्वयंपाकघरात एकटाच टाळी वाजवली. थर्मोस्टॅट चांगला होता, म्हणजे दुखणं दुसरीकडे होतं, तरी आनंद झाला. टोप ओतून टाकला, तर कडेला पांढरं कडं उमटलेलं. त्यात नवल काही नव्हतं. आमच्या घरच्या प्रत्येक भांड्याला ते असतं. आई चिंचेने घासून घासून काढायची, मी घासतही नाही.

मग पाण्याचा पंप काढला. तो इतका आत बसवला आहे की हात घालायचा तर डॉक्टरची बोटं हवीत. आठवडाभर मी रोज थोडा थोडा जिंकत आणि थोडा थोडा हरत होतो. एक नट इंजिनाखाली पडला तो अजून तिथेच कुठेतरी असेल. शेवटी पंप हातात आला. त्याची चकती, जी फिरून पाणी ढकलते, तिची पाती खाऊन गेलेली होती. उंदराने भाकरी कुरतडावी तशी. धातूला कोण खाणार? मी तो पंप ओट्यावर ठेवून बराच वेळ बघत बसलो.

रेडिएटर काढायला सोपा गेला. चार बोल्ट, दोन पाइप, आणि तो सुटा झाला. फुटकाच होता, म्हणून करवतीने कापला, आत काय आहे ते बघायला. ॲल्युमिनियमच्या बारीक नळ्या, आणि प्रत्येक नळी पांढऱ्या खड्यांनी गच्च भरलेली. मी एक खडा नखाने काढला आणि जिभेवर ठेवला.

इथे एक सांगायला हवं. जिभेने मीठ ओळखणं हा आमच्या घरचा धंदाच होता. आजोबा वाफ्यातलं पाणी बोटाने चाखून सांगायचे, अजून दोन उन्हं हवीत, किंवा आता पुढच्या वाफ्यात सोडा. बापूसही सांगायचा. मला लहानपणी वाफ्यावाफ्यावर नेऊन चाखायला लावलं होतं, आणि मी चुकलो की पाठीत धपाटा बसायचा. या जिभेची फसगत होत नाही. खड्यात गंजाचा कडवटपणा होता, चुन्याची चव होती, आणि त्याखाली मीठ होतं. चांगलं, ओळखीचं, आमचं मीठ.

मी तसाच उठून विहिरीवर गेलो. पोहरा सोडला, ओंजळ भरली आणि प्यायलो. गोड लागलं. पुन्हा प्यायलो. गोड. डोळे मिटून तोंडात पाणी घोळवलं. काही नाही, पाण्यासारखं पाणी. खड्यातलं मीठ सांगणारी जीभ विहिरीतलं मीठ सांगेना. जन्मल्यापासून जे पोटात गेलं त्याची चव जिभेला कशी कळणार? त्यासाठी दुसऱ्याची जीभ हवी. आणि त्या घरात दुसरी जीभ नव्हती. विहिरीच्या काठावर ओल्या हाताने उभा होतो, आणि एवढं एकटं मला आईला पोचवून आलो त्या दिवशीही वाटलं नव्हतं. पाणी खारं आहे का, एवढंच विचारायचं होतं. विचारायला कोणी नव्हतं.

त्याच दिवसांत गॅसचा सिलिंडर घेऊन माणूस आला. घामाघूम होता. मी त्याला पेला भरून पाणी दिलं आणि त्याच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो. त्याने एक घोट घेतला, थांबला, पेला कठड्यावर ठेवला. "थँक्यू काका," म्हणाला.

"पुरे?"

"आता चहा घेऊनच आलोय."

तो गेल्यावर पेल्यातलं पाणी मी प्यायलो. मग मला एकेक पेला आठवत गेला. मी शाळेत असताना आलेले डोंबिवलीचे मास्तर. जमिनीच्या कामाला आलेले वकील. कारखान्यातले सोबती, एका दिवाळीला आलेले. सगळ्यांनी एक घोट घेऊन पेला खाली ठेवला होता, आणि सगळे चहा घेऊन आलेले होते. कुणी तोंडावर बोललं नाही, चांगली माणसं ती. पूर्ण पेला फक्त आम्ही प्यायचो. वहिनीने तेवढं तोंडावर दाखवलं, आणि तिचा मी रागराग केला.

विहीर पहिल्यापासून खारी होती, की मिठागरांचे बांध फुटले आणि खाडी आत सरकली तेव्हा झाली, ते मला ठाऊक नाही. सांगू शकणारी माणसं गेली. बापूस असता तर त्याने मलाच विहिरीत ढकललं असतं.

कल्याणला एका रेडिएटरवाल्याकडे दुसऱ्याच कुठल्या गाडीचा, पण मापाला जवळ जाणारा रेडिएटर मिळाला. तो बसवायला मी घरच्या जुन्या पत्र्याच्या पट्ट्या कापून चार पाय केले, खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले, खडखडू नये म्हणून. दिसायला बेंगरूळ, पण हलत नाही. पंप एका ठाणेकराने कुठून तरी मागवून दिला. मग सगळी नळी-नळी धुतली. बाटलीतलं शुद्ध पाणी भरायचं, इंजिन फिरवायचं, सोडून द्यायचं, आणि बाहेर पडलेलं पाणी बोटाने चाखायचं. आजोबा मीठ चढतंय का ते चाखायचे, मी उतरतंय का ते चाखत होतो. जिभेला काहीच लागेना तेव्हा थांबलो आणि ते हिरवं कूलंट आणलं. ओतताना, अंगणात कोणी नव्हतं तरी मी एकदा मागे वळून बघितलं.

राहिली हवा काढायची, दोघांचं काम. ॲक्सिलरेटरवर फडक्यात गुंडाळलेली वीट ठेवली. काटा दिसावा म्हणून आईचा भिंतीवरचा आरसा उतरवला, दार उघडं टाकून स्टुलावर असा तिरपा उभा केला की पुढे उभं राहून मला काटा दिसेल. स्वतःच्या अकलेवर खूष होऊन इंजिन चालू केलं. बुडबुडे यायला लागले. आरशात काटा डावीकडे, थंडाच्या बाजूला सरकत होता. वा! मी निवांत हिरवं पाणी भरत राहिलो. एकदम रेडिएटरच्या तोंडातून फसकन हिरवा फवारा उडाला आणि माझा सदरा भिजला. पोळता पोळता वाचलो. धावत जाऊन इंजिन बंद केलं तेव्हा कळलं, आरशात डावं ते खरं उजवं. काटा तापत होता आणि मी त्याला शाबासकी देत होतो. मी खाली बसलो आणि मोठ्याने हसलो. हसू ओसरल्यावर अंगणात जी शांतता झाली, ती मला सहन झाली नाही, म्हणून उठून पुन्हा कामाला लागलो. दुसऱ्या वेळी उलटं वाचलं. बुडबुडे कमी होत आले तेव्हा माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "सोड!" वीट कशाला सोडते?

निघायच्या सकाळी गाडीत पाण्याचा कॅन ठेवला. विहिरीचं पाणी. गाडीला ते घालायचं नाही हे मला चांगलं कळत होतं. पण या गाडीतून पाण्याशिवाय आम्ही कधी बाहेर पडलो नव्हतो, आणि माझी तहान तर त्याच पाण्याने भागते. शेजारच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा लावला. तेवढीच सोबत.

कल्याण-शीळ रस्त्याला लागेपर्यंत काटा मधोमध. मी गाणं म्हणायच्या बेतात होतो, पण शीळफाट्याने माझी जिरवली. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मध्ये आमची बुटकी. बसलो की बाजूच्या ट्रकचं चाक डोळ्यांसमोर. गाडी सरकेना तशी वाराही लागेना. काटा मधला सोडून वर निघाला. तेव्हा मी हीटर पूर्ण उघडला. हीटर लावला की इंजिनाची गरमी थोडी आत येते आणि त्याला उसंत मिळते, एवढं मी वाचून ठेवलं होतं. एप्रिल महिना, ऊन मी म्हणतंय, आणि मी काचा खाली करून हीटरच्या झोतात भाजत बसलेला. शेजारचा ट्रकवाला वाकून म्हणाला, "चाचा, एसी खराब है क्या?" म्हटलं, "नहीं, हीटर अच्छा है." काटा थांबला. लाल खुणेच्या अलीकडे थांबला आणि तिथेच राहिला. रहदारी सुटली, वारा लागला, तो खाली आला. कळव्यात शिरलो तेव्हा घाम डोळ्यांत गेला होता. घामच होता असं म्हणू.

टॉवरच्या फाटकापाशी वॉचमनने वर फोन केला. दादूस खाली आला. हाफ पँट, बनियन. केस सगळे गेलेले, चाल बापसाची झालेली. माझ्याकडे न बघता सरळ गाडीकडे गेला आणि बॉनेटवर तळहात ठेवला, ताप बघतात तसा. बराच वेळ ठेवला.

"चालवत आनलीस?"

"व्हय."

"शीलफाट्याला तापली नाय?"

"जराशी. थांबली."

बॉनेट उघडून त्याने माझे पत्र्याचे पाय हलवून बघितले. ते हलले नाहीत. मग झाकणापाशी वाळलेला हिरवा डाग बोटाने पुसला. "पानी कनचा टाकलास?"

"दुकानातला."

त्याने बोट बनियनला पुसलं. मला सांगायचं होतं, रेडिएटर कापून बघितला, आत मीठ होतं, तुझं बरोबर होतं. सगळं वाटेत मनाशी जुळवून आणलं होतं. पण बॉनेट उघडं होतं, आणि मी त्याच्या अलीकडे होतो, आणि एवढंच तोंडातून निघालं, "दादूस, आपला पानी खारा हाय?"

त्याने बॉनेटच्या कडेवरून माझ्याकडे बघितलं. मग त्याची नजर आत सीटवर, पट्ट्यात बांधलेल्या कॅनवर गेली. "यो आपला?"

"व्हय. मना प्याला."

त्याने दार उघडलं, पट्टा सोडवला आणि कॅन दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावला. गटागटा प्यायला. पाणी हनुवटीवरून बनियनवर सांडत होतं. थांबून त्याने श्वास घेतला.

"खाराच हाय," तो म्हणाला. "पैल्यापासून."

आणि कॅन पुन्हा तोंडाला लावला.